उभ्या कानात इंग्रजी

पायप्या कुत्रा म्हणून आमच्या घरी आला, त्याच्या आधी दोन-तीन दिवस तो भूत होता. मखमलाबादच्या रस्त्याला आमचा मळा, आणि रस्त्याच्या कडेला पाणीयोजनेसाठी आणून टाकलेले सिमेंटचे मोठाले पाइप कितीतरी महिने तसेच पडून होते. त्यांच्यावर बाया गोवऱ्या थापत, पोरं आत शिरून ओरडत, आणि आमची आत्या संध्याकाळी तिथं जाऊन रस्त्यानं कोण आलं, कोण गेलं ते बघत बसे. आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण. फार लवकर विधवा होऊन ती माहेरी आली होती आणि तेव्हापासून आमच्याच घरात होती. एके संध्याकाळी ती धापा टाकत आली आणि म्हणाली, पाइपात कुणीतरी रडतंय. आई म्हणाली, वारा असेल. "वाऱ्याला काय झालंय रडायला?" आत्या म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं पाइपाच्या तोंडाशी लिंबू, हळदकुंकू आणि दहीभात ठेवला. सकाळी लिंबू तसंच होतं आणि दहीभाताचं पान चाटून लख्ख झालं होतं. आत्याची खात्री पटली. तिनं परत ठेवला. भूत प्रसन्न होतंय असं तिचं म्हणणं पडलं. हे असंच चालू राहिलं असतं, पण आप्पांना जेवताना ताटात दही दिसेना. चौकशी झाली, आणि आप्पा हातात खराट्याचा दांडा घेऊन भुताला भेटायला निघाले. मागून मी, माझ्यामागून आई, आणि बऱ्याच अंतरावर पदर तोंडाला लावून आत्या.

आप्पांनी एका टोकाला दांडा आपटला आणि दुसऱ्या टोकानं एक कुत्र्याचं पिलू बाहेर आलं. पाठ काळी, पाय तांबूस, छातीवर पांढरा पट्टा आणि नाकाला दहीभाताची शितं. पळून जायचं सोडून ते आमच्याभोवती लांबून एक फेरी मारून आलं. मग दुसरी, थोडी जवळून. तिसऱ्या फेरीला लांब उभी असलेली आत्याही आमच्यात येऊन मिळाली होती. ती का आली हे तिलाही सांगता आलं नसतं. आम्ही चौघं एकमेकांना खेटून रस्त्यावर उभे होतो आणि ते पिलू समोर जीभ काढून बसलं होतं. आज विचार करता वाटतं, त्याचं पुढचं सगळं आयुष्य त्या पाच मिनिटांत आम्हाला दिसलं होतं. पण आम्ही त्याचा एक कान उभा आणि एक कान पडका कसा, याचीच चर्चा करत होतो.

कानांचा उलगडा शेजारच्या मळ्यातल्या सोपानकाकांनी केला. काकांना कशातलंही थोडंथोडं कळत असे, आणि जे कळत नसे ते ते जास्त ठामपणे सांगत. दरवर्षी दिवाळीनंतर नगरकडचे धनगर मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जात, आणि उन्हाळ्यात त्याच वाटेनं परतत. जाता-येता आमच्या मोकळ्या रानात रात्री मेंढरं बसवली जात. रानाला लेंडीखत मिळे, धनगरांना धान्य मिळे. ती मेंढरं परत जाऊन नुकताच आठवडा झाला होता. "घोड्यावरच्या टोपलीतनं पडलंय हे," काका म्हणाले. "आई मेंढरांवरची कुत्री. पण बाप बघा, बाप. दिवाळीनंतर त्या गंगापूर रोडच्या बंगल्यातला अल्सेशियन साखळी तोडून रात्रभर कुठं होता, आता कळलं. पडका कान आईचा. उभा कान बापाचा." मग पिलाकडे जरा आदरानं बघत ते म्हणाले, "आप्पा, याच्याशी मराठी बोलू नका. वाया जाईल. इलायती रक्त हाय, त्याला इंग्रजीच कळतं."

हे ऐकून कुणी हसलं नाही, हे मला मुद्दाम लिहून ठेवायचं आहे. त्या काळी बंगल्यातले लोक कुत्र्यांशी इंग्रजीच बोलत. आपल्या नोकरांशी, बायकोशी, देवाशी मराठीत बोलणारे साहेब कुत्र्याला मात्र 'कम हियर' म्हणत, आणि ते येई. आम्ही हे रस्त्यावरून जाता-येता डोळ्यांनी बघितलं होतं. (आता माझी मुलगी तिच्या मांजराशी मराठीत बोलते आणि माझ्याशी इंग्रजीत. जग उलटं फिरलं की मी, ते मला ठरवता येत नाही.) तेव्हा आप्पांनी काकांचं म्हणणं मान्य केलं, पिलाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "दत्तू, हे तुझं काम."

मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला. त्यामुळे घरात इंग्रजी म्हणून जे काही येई ते माझ्यापुढे ठेवलं जाई. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, फवारणीच्या पंपाबरोबर आलेला कागद, एकदा तर एका बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टण. आप्पा पुढ्यात बसून मान डोलवत ऐकत. मी जे काय सांगे ते मला स्वतःलाच नीट कळलेलं नसे. वर्गात तर माझी गत अशी होती की इंग्रजीच्या बाईंनी हजेरी घेताना 'प्रेझेंट मॅडम' म्हणायचीही मला भीती वाटे. माझा नंबर आला की मी नुसता हात वर करी. बाई कडक होत्या. वर्गात मराठीचा शब्द चालत नसे. कधीतरी प्रत्येकाला उभं राहून इंग्रजीत बोलावं लागणार, असं त्या सांगत, आणि माझ्या आडनावाचं अक्षर बरंच मागं आहे या एका आधारावर मी दिवस काढत होतो. आता त्यात हे कुत्रं.

मी ते काम मनापासून केलं. मला दुसऱ्या कुठल्याही पद्धतीनं काम करता येत नसे, अजूनही येत नाही. संध्याकाळी कॉलेजातून आलो की भाकरीचा तुकडा घेऊन मी पायप्याला विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत नेई. पायप्या हे नाव आत्यानं पाडलेलं. मी 'रॉबर्ट' ठेवलं होतं, पण आईला ते रागावल्यासारखं वाटे. तर खोलीत शिरून मी दार लोटून घेई आणि त्याच्या उभ्या कानाशी वाकून इंग्रजी बोले. बोलायचं काय, तर मला येत होतं ते. 'सिट' असं नुसतं म्हणणं मला उद्धट वाटे. पुस्तकात तसं कुणी बोलत नव्हतं. मी म्हणे, "विल यू प्लीज सिट डाऊन." तो इकडेतिकडे करू लागला की म्हणे, "डोन्ट डिस्टर्ब द अदर्स." तिथं दुसरं कुणी नव्हतं, पण बाई असंच म्हणत. आणि शेवटी, तास संपल्यावर बाई ज्या सुरात सांगत अगदी त्याच सुरात, "यू मे गो नाऊ." हे म्हणून मी दार उघडत असे आणि भाकरीचा तुकडा बाहेर टाकत असे. पायप्या उडी मारून तो पकडे. महिन्याभरात त्याला ही तिन्ही वाक्यं पक्की झाली. त्यातला एक शब्द गाळला तरी तो तोंडाकडे बघत बसे, पुढचं म्हणा अशा नजरेनं. मी त्याला शिकवत होतो की तो माझी उजळणी घेत होता, कोण जाणे.

बाहेर वस्तीत याची चर्चा झाली. भाजीची पाटी घेऊन जाणाऱ्या बाया खोलीबाहेर थांबून ऐकत. "काय गं, पोरगं कुणाशी भांडतंय?" "भांडत नाय. कुत्र्याला शिकवतंय." "कितवीला हाय?" आई मात्र घरात त्याच्या पडक्या कानाशी मराठी बोलून घेई. एवढंसं लेकरू, त्याला आईची बाजूपण असेलच ना, असं तिचं म्हणणं. ताकात कुस्करलेली भाकरी पुढ्यात ठेवून ती त्याला दिवसभराचं सगळं सांगे, नणंदेच्या तक्रारींसकट. नणंद शेजारीच बसलेली असे. आत्याला कुत्रं आवडत नव्हतं. भूत म्हणून तिनं ज्याचं एवढं केलं ते शेवटी कुत्रं निघालं, हा तिला अपमान वाटत होता.

पावसाळ्यात तो वाढला आणि त्याला धंदा सापडला. सुट्टं सुट्टं काही दिसलं की त्याला राहवत नसे. आधी कोंबड्या. सगळ्या कोंबड्या त्यानं तुळशीपाशी आणून उभ्या केल्या आणि दुपारभर हलू दिल्या नाहीत. मग शाळेतून येणारी पोरं एका रांगेत फाटकापर्यंत आणून सोडायला लागला. पोरांच्या आया खूश होत्या. पोस्टमन आणि दूधवाला एकमेकांशी बोलत नसत, त्यांना त्यानं एकदा आमच्या अंगणात अर्धा तास खेटून उभं केलं. चावत तो कधीच नव्हता. कुणी बाजूला सरकला की वाऱ्यासारखा त्या बाजूला जाई, टाचेला नाक लावी, फार तर दातांनी हळूच चिमटा घेई. माणसं आपोआप आत सरकत. मग तो समोर बसे आणि वाट बघे. मी जाऊन "यू मे गो नाऊ" म्हटलं की मगच उठे आणि भाकरीसाठी माझ्याकडे येई. माणसं सुटत. माझ्या त्या वाक्याला मळ्यात एक वजन आलं होतं. कॉलेजात तेव्हाही मी हजेरीला नुसता हात वर करत होतो.

आणि मग दसरा आला. ज्यांच्या घरी झेंडू नाही त्यांना दसरा म्हणजे सण. आम्हाला तो वर्षाचा निकाल असे. दसऱ्याच्या आदल्या दोन दिवसांत फूल पंचवटीतल्या बाजारात पोचलं तर सोनं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तेच फूल गुरं खात नाहीत. तोडणीला पेठकडच्या डोंगरातून बाया येत, मळ्यात पाल ठोकून राहत. त्यांची पुढारी जाईबाई. बारकी, काटक, कमरेला तंबाखूची पिशवी. ती बोलू लागली की आप्पासुद्धा टोपी सरळ करत. त्या वर्षी फूल असं धरलं होतं की लांबून रान पेटल्यासारखं दिसे. बाया पहाटे रानात शिरल्या, मी कॉलेजला गेलो. सणाची सुट्टी लागायच्या आधीचा तो शेवटचा दिवस होता, आणि त्या दिवशी इंग्रजीचा तास बुडवणाऱ्याचं नाव बाई काढून टाकणार होत्या.

मळ्यात पुढे झालं ते असं. बाया सरीसरीनं पांगून फुलं तोडत होत्या. एवढी सुट्टी माणसं पायप्यानं उभ्या जन्मात पाहिली नव्हती. थोडा वेळ त्यानं धीर धरला असं आई सांगते. मग त्यानं एका टोकापासून सुरुवात केली. एकेक बाई सरीतून काढत, काढत, त्यानं सगळ्यांना विहीर आणि बाभळीचं कुंपण यांच्या मधल्या कोपऱ्यात आणून उभं केलं, डोक्यावर पाट्या तशाच. समोर स्वतः बसला. बाया आधी हसल्या. मग त्यांनी शिव्या दिल्या. मग पायातल्या वहाणा फेकल्या. त्या त्यानं आणून नीट एका जागी ठेवल्या. आईनं पडक्या कानात मराठी सांगून बघितलं, तो तिच्याकडे प्रेमानं बघत राहिला. आप्पा दांडा घेऊन गेले आणि तेही कोपऱ्यात उभे राहिले. रस्त्यावर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. ऊन चढत होतं, पाट्यांतली फुलं मान टाकायला लागली होती. शेवटी आप्पांनी येत होतं तेवढं इंग्रजी लावून बघितलं. ते म्हणाले, "थँक यू." मग म्हणाले, "हॉर्न ओके प्लीज." पायप्यानं कान हलवला, एवढंच. तेव्हा आप्पा विहिरीच्या काठानं कसेबसे निसटले, लुनाला किक मारली आणि सरळ कॉलेजात आले.

मला दिसले ते आमच्या वर्गाच्या दारात. पांढऱ्या सदऱ्यावर झेंडूचे पिवळे डाग, पोटऱ्यांपर्यंत चिखल. वहाणा त्यांनी दाराबाहेर काढून ठेवल्या होत्या, देवळाबाहेर ठेवतात तशा, आणि अनवाणी उंबऱ्यावर उभे होते. त्या वहाणांकडे वर्गातल्या सगळ्यांनी बघितलं, मीही बघितलं. बाई कविता वाचत होत्या, त्या थांबल्या. आप्पांनी हात जोडले.

"बाई, आमच्या दत्तूला जरा सोडा. कुत्र्याला इंग्रजीत दोन शब्द सांगायचेत, तेवढं सांगून येईल."

बाईंनी चष्मा काढला, माझ्याकडे वळल्या आणि त्यांच्या नियमाप्रमाणे विचारलं, "दत्तात्रय, व्हॉट इज द मॅटर? इन इंग्लिश, प्लीज."

मी उभा राहिलो. त्या क्षणी पळून जावं असं मला वाटलं होतं, असं लिहिलं तर चांगलं दिसेल. पण मला फुलं दिसत होती. मी म्हणालो, "मॅडम, अवर डॉग हॅज कलेक्टेड द वुमेन."

"विच वुमेन?"

"ऑल, मॅडम."

मागच्या बाकावर कुणीतरी फुटलं, आणि मग सगळा वर्गच. बाई हसल्या नाहीत. "अँड व्हाय मस्ट यू गो?"

"ही डझ नॉट ओबे इन मराठी, मॅडम. टुमॉरो इज द लास्ट मार्केट. द फ्लॉवर्स आर इन द सन." आणि एवढं बोलल्यावर माझं मलाच कळेना कुठं थांबायचं, म्हणून मी पुढे सांगितलं की कुत्र्याची आई मेंढरांवर होती आणि वडील बंगल्यात. हेही मी इंग्रजीत सांगितलं. व्याकरण बहुतेक बरोबर होतं.

बाईंनी आप्पांकडे बघितलं आणि त्या वर्गात पहिल्यांदा मराठीत बोलल्या. "काका, हे खरं आहे?"

"व्हय बाई. आम्ही समदे सांगून थकलो. तुम्ही याला जे शिकवलं, ते यानं त्याला शिकवलं. आता तुमच्या हातात हाय."

बाईंनी चष्मा परत लावला. ओठ त्यांनी अगदी घट्ट मिटून घेतले होते. मग म्हणाल्या, "यू मे गो नाऊ." मी दप्तर तिथंच टाकून दाराकडे पळालो.

लुनावर मागं बसलो. आप्पा समोर बघून लुना हाकत होते. मला वाटलं, चिडलेत. रामवाडीचा पूल ओलांडल्यावर त्यांनी मान न वळवता विचारलं, "त्या बाईला काय सांगितलंस?"

"झालं ते."

"समदं इंग्रजीत?"

"हो."

"कळलं तिला?"

"कळलं."

"हां," आप्पा म्हणाले, आणि लुनाचा कान जरा जास्तच पिळला.

कोपऱ्यात बाया उभ्याच होत्या. मी वाक्य म्हटलं, पायप्या उठला, भाकरीच्या आशेनं माझ्या पायाशी आला. बाया सुटल्या, पण रानाकडे कुणी वळलं नाही. जाईबाईनं पाटी खाली ठेवली. "आप्पा, आमी काय मेंढरं हाओत? त्या कुत्र्यानं आमाला वाड्यात घातलं. उद्या म्हनंल लोकर काढा." आप्पा काही बोलायला गेले तर ती म्हणाली, "एकतर त्यो राहील, नाहीतर आमी. दिवाळीच्या तोडणीला बी येनार नाय. समद्या पेठला सांगून ठेवू." दिवाळीला झेंडूचा दुसरा बहर असतो. आप्पांनी पायप्याकडे बघितलं, माझ्याकडे बघायचं टाळलं आणि शब्द दिला, की दसऱ्याच्या संध्याकाळी कुत्रं मळ्यात नसेल. माझे मनमाडचे मामा, आईचे भाऊ, रेल्वेत होते आणि त्यांना कधीपासून अल्सेशियन हवा होता. दसऱ्याला ते जेवायला येणारच होते. जाताना घेऊन जातील. बाया कामाला लागल्या. फूल वेळेत बाजारात गेलं. मी पाट्या उचलल्या, टेम्पो भरला, आणि पायप्याला मोटारीच्या खोलीत कोंडून बाहेर बसलो. आत काही शिकवायला जावं असं मला वाटेना. तो आत मधूनमधून कुईं करत होता. तो आवाज ऐकून आत्या दोनदा उठून आली आणि परत गेली.

दसऱ्याला मामा आले ते नवी साखळी आणि पट्टा घेऊनच. क्वार्टरमध्ये सगळ्यांना सांगून बसलोय, म्हणाले, आता रिकामा गेलो तर तोंड दाखवता येणार नाही. मामांचा आमच्या घरात मान मोठा. एक तर आईचा एकुलता भाऊ, त्यात सरकारी नोकरी. इंग्रजीची अडचण त्यांना सांगितली तेव्हा ते हसले. "दाजी, अहो दिवसभर इंग्रजीतच असतो मी. अप, डाऊन, सिग्नल, सगळं इंग्रजीच." ते अंगणात उभे राहिले, पायप्याकडे हात केला आणि मोठ्यानं म्हणाले, "लाइन क्लिअर!" पायप्यानं मागं वळून बघितलं, कुणी येतंय का ते.

"तसं नाही मामा," मी म्हणालो, "पूर्ण वाक्य लागतं." आणि मी त्यांना शिकवायला बसलो. कुत्रं जाऊ नये म्हणून मी काही खोटं-नाटं शिकवू शकलो असतो, असं नंतर माझे मित्र म्हणाले. ते मला सुचलंच नाही. तिकडे त्याच्याशी कुणी नीट बोललं नाही तर त्याचे हाल होतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी मामांना 'विल' पुढे का येतं ते समजावलं. 'प्लीज' गाळायचं नाही हे बजावलं. सूर शेवटी वर न्यायचा, 'गो'वर जोर द्यायचा नाही, 'नाऊ' लांबवायचं नाही. मामा घामाघूम झाले. "इल यू पिलीज शीट," ते म्हणत, आणि पायप्या पुढचं ऐकायला मान तिरकी करून उभा राही. "मामा, 'डाऊन' राहिलं." "अरे, डाऊन तर रोज म्हणतो मी!" "पण आत्ता म्हणा." आत चुलीवर पुरण शिजल्याचा वास येत होता, आई मधूनमधून दारात येऊन बघत होती आणि डोळे पुसून परत जात होती. धूर असावा. जाईबाई आणि तिच्या बाया सोनं द्यायला आल्या होत्या. आपट्याची पानं हातात घेऊन त्या ओसरीच्या कडेला बसून मामांचा तास बघत होत्या. एकदोघींच्या तोंडाला पदर होता.

शेवटी मामांनी साखळी खाली टाकली. "हे काय खरं नाय, दाजी. ड्यूटी करून आलो की मी काय परीक्षेला बसू? त्यापेक्षा असं करा." ते खाटेवर बसले, पाणी प्यायले. "दत्तूलाच द्या पाठवून. आमच्याकडं राहील, मनमाडच्या कॉलेजात नाव घालू. तिथनं ओळखीनं रेल्वेत चिकटवतो. कुत्रं बी सांभाळील. इथं नायतरी तो फुलं सोडून कॉलेजात जातो आणि कॉलेज सोडून फुलांत येतो. तुमचा एक खाणारा कमी, माझी एक चिंता कमी."

ते चेष्टेत बोलत नव्हते. आणि बोलणं चुकीचंही नव्हतं. आप्पांना मळ्यात माणूस कमी पडत होतं, मी अर्धा होतो हे मला माहीत होतं. रेल्वेची नोकरी म्हणजे काय, हे त्या दिवसांत कुणाला समजावून सांगावं लागत नसे. मी आप्पांकडे बघितलं. आप्पा सुपारी कातरत होते. अडकित्ता तसाच उघडा राहिला.

"पाव्हणं," ते म्हणाले, "त्याची बाई त्याला हितं वळखती. परवाच बोलणं झालं त्यांचं. लय वेळ बोलला तो, उभा राहून. तिला कळलं समदं." एवढं म्हणून त्यांनी सुपारी कातरली. "तो काय जायचा नाय. आणि तो नाय तर कुत्रं नेऊन तुम्ही काय करणार?"

"आणि मला दिलेला शब्द?" ओसरीवरून जाईबाई म्हणाली.

आप्पा टोपी सरळ करू लागले. तेव्हा आतून आत्या आली. हाताला पुरण लागलेलं, तसाच हात पुढे धरून ती म्हणाली, "तोडणीच्या दिवशी मी बसते त्याला घेऊन. मोटारीच्या खोलीपाशी. त्याला काय कुणीतरी वळायला लागतंय, मला वळंल. बसवंल एका जागी." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "मला कुठं जायचंय?"

जाईबाईनं तिच्याकडे बघितलं. मग कमरेची पिशवी सोडून तंबाखू हातावर घेतली, अर्धी आत्यापुढे धरली आणि म्हणाली, "बसा मंग आक्का."

मामांना हे सगळं लागलं. साहजिक होतं. बहिणीच्या घरी सणाच्या दिवशी मागितलेलं मिळालं नाही, तेही बाहेरच्या बायांसमोर. त्यांनी साखळी गोळा करून पिशवीत कोंबली, टोपी घातली. "येतो मग ताई. पाचची गाडी हाय." पुरणपोळीचं पान मांडलेलं होतं. आई दारात आली. दसऱ्याला भाऊ उपाशी उठून गेला तर तो परत कधी येईल, त्याची लेकरं येतील की नाही, हे ती तिथं उभ्या उभ्या मोजत होती. आप्पा उठले आणि परत बसले. माफी मागावी तर शब्द मागं जातो, न मागावी तर पाहुणा जातो. मामा फाटकाकडे निघाले.

पायप्या उठला. घाई न करता तो लांबून वळसा घालून फाटकापाशी गेला आणि मामांच्या समोर बसला. मामा डावीकडे सरले, तो डावीकडे. मामा उजवीकडे, तो उजवीकडे. "हाड!" मामा म्हणाले. मग त्यांनी रागानं, अगदी शुद्ध, शिकवलं तसं, प्लीज-सकट सगळं 'सिट डाऊन'चं वाक्य म्हटलं, आणि पायप्या खाली बसला, फाटकात आडवा. वाटच अडली तेव्हा मामा मागं सरकत सरकत, टोपी सावरत, अंगणातून ओसरीच्या पायरीपर्यंत आले. तिथून खाटेपर्यंत.

मी पुढे झालो. तोंड उघडलं, 'यू मे' एवढं म्हटलं असेल नसेल, तोच आप्पांचा हात माझ्या खांद्यावर पडला.

"गप," आप्पा हळूच म्हणाले. "जेवू दे त्यांना."

आई आत पळाली. पोळीवर तूप सोडल्याचा वास ओसरीवर आला. मामा थोडा वेळ टोपी घालून बसले, मग त्यांनी ती काढून गुडघ्यावर ठेवली. जाईबाई त्यांच्या हातात आपट्याचं पान देत म्हणाली, "घ्या मामा, सोनं. आमी बी उभं होतो असंच." पाचची गाडी गेली. सातचीही गेली. मामा दुसऱ्या दिवशी दुपारी गेले, दोन वेळा जेवून.